एकोणीस वेळा पुसलेला लॅपटॉप

माझ्या पडद्याला हात लावू नका, उजवं बिजागर चिकटपट्टीवर तग धरून आहे. आणि मी जरा थांबत थांबत बोलेन. चार वाक्यं झाली की अंग तापतं, पंखा घरघरायला लागतो. ताइनान शहरातल्या, ‘क’ हे चिनी आडनाव लावणाऱ्या घरातला मी लॅपटॉप. वय वर्षं अकरा. आजवर एकोणीस वेळा पुसला गेलोय. रोज मरे त्याला कोण रडे, म्हणतात ना, तशी माझी गत.

जन्म कारखान्यातला; त्यात सांगण्यासारखं काही नाही. चार वर्षं या घरच्या मुलीच्या, चियालिंगच्या ऑफिसात राबलो. तिला नवा मिळाला तसं तिनं मला आईवडिलांकडे आणून सोडलं. "बाबा, विंडोज याला आता झेपत नाही. लिनक्स टाका, हलकं असतं," म्हणाली आणि ताइपेला निघून गेली. माकडाच्या हाती कोलीत दिलं, हे तिच्या गावीही नव्हतं.

तिचे बाबा, रोंगखुन, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. माणूस चांगला, पण हात स्वस्थ बसत नाहीत. लिनक्स फुकट मिळतं आणि त्याचे प्रकार शेकड्यांनी. त्यांना डिस्ट्रो म्हणतात. देवळाच्या अंगणात वडाखाली रोज सकाळी चार म्हातारे चहाला जमतात, आणि चौघांचे चार डिस्ट्रो. तिथला लाव ह्वांग म्हणजे नुसता काडीलाव्या.

"काय रे रोंगखुन, अजून मिंटच? पांगुळगाडा सोडायचं वय झालं की तुझं!"

"आणि तुझं डेबियन? ते तर तुझ्यापेक्षा म्हातारं दिसतं."

"दिसू दे. टिकतं तरी. तुझं काय टिकलंय आजवर?"

एवढं पुरायचं. दुपारपर्यंत पेनड्राइव्ह घेऊन स्वारी माझ्यासमोर. आधी माझ्या डोक्यावर खोबऱ्याच्या चवीच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवायचं, म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागतं, अशी इकडची समजूत. पाकीट हिरवंच हवं, आणि मुदत उलटलेलं चालत नाही. तारीख ते चष्मा लावून वाचायचे. मग माझं पोट साफ, नवा डिस्ट्रो आत.

"अगं, हा शेवटचा," ते बायकोला सांगायचे.

"तुमचे शेवटचे मी मोजायचे सोडलेत," श्यूल्वानबाई म्हणायच्या.

खरा त्रास त्यांनाच होता. दुपारचे दोन तास मी त्यांचा. एका बोटानं, कळांवरच्या उच्चारांच्या खुणा शोधत त्या लिहायच्या. दर नव्या डिस्ट्रोत चिनी लिहायची कळ वेगळी, फाइलींचे कप्पे वेगळे, रंग वेगळा. सासर बदलावं तसं दर दोन-चार महिन्यांनी सगळं नव्यानं शिकायचं.

त्या लिहीत होत्या त्यांच्या बहिणीसाठी. आमिएन, पाच वर्षांनी मोठी, आता वृद्धाश्रमात. तिला काही आठवत नाही. धाकटीलाही 'नर्सबाई' म्हणते. म्हणून श्यूल्वानबाई लहानपणची एकेक आठवण लिहायच्या आणि रविवारी मला पिशवीत घालून नेऊन तिला वाचून दाखवायच्या. मिठागराकाठचं घर, बापाची टोपी, चोरून खाल्लेले शिंपले. ऐकता ऐकता आमिएन एकदम ताठ बसायची. "हे तुला कुणी सांगितलं? ही तर आमच्या घरची गोष्ट! श्यूल्वान, तूच ना गं?" तेवढी पाच मिनिटं बहीण परत मिळायची. दोन वर्षांत शहाऐंशी आठवणी झाल्या होत्या.

एका सोमवारी सकाळी एकोणिसावा डिस्ट्रो आला. रोंगखुननी सगळ्या कप्प्यांची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली, दोनदा तपासली, आणि 'सगळी डिस्क पुसू का?' या प्रश्नाला हो म्हटलं.

दुपारी श्यूल्वानबाई बसल्या. एकाच चित्रावर पुन्हा पुन्हा टिचकी मारली.

"अहो, माझी टोपली रिकामी कशी?"

"कुठली? कचऱ्याची? नव्यात ती रिकामीच असते गं."

"माझी फाइल तिच्यात होती."

"कचऱ्यात?"

"मग कुठं ठेवू? तुम्ही दर वेळी घर बदलता. कप्प्यांची नावं बदलतात, जागा बदलतात. सगळ्यांत सारखी दिसते ती एक टोपलीच. रोज काढायची, लिहायचं, परत ठेवायची."

रोंगखुन खाली बसले. कचऱ्याची नक्कल कोण घेतो? लाव ह्वांगनंही घेतली नसती. त्यांनी तीन दिवस माझ्या पोटात हरवलेल्या फाइली शोधल्या. जेवले नाहीत, देवळाकडे फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी एक तुकडा हाती लागला. 'मिठावर चालून माझे पाय सोलले तेव्हा ताईने', एवढाच. पुढं नुसती अक्षरांची रांगोळी.

"पुढं काय होतं गं?" त्यांनी विचारलं.

श्यूल्वानबाईंनी डोळे मिटले. "फार आधी लिहिलं होतं. लिहून ठेवलंय म्हटल्यावर डोक्यात कशाला जपायचं?" मग त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही दोन वर्षांत एकदा तरी वाचलं असतंत."

तेव्हा मला रोंगखुनची दया आली, आणि रागही आला. शेकडो डिस्ट्रोंची परीक्षणं वाचणाऱ्या या माणसानं बायकोची एक ओळ वाचली नव्हती.

आता दुपारी त्या सांगतात आणि ते टाइप करतात. मध्येच हसतात, "शिंपले चोरलेस? तू?" म्हणतात. सत्तावन्न आठवणी परत आल्या. बाकीच्या येत नाहीत. एकोणिसावा डिस्ट्रो रोंगखुनना मुळीच आवडत नाही, पण त्याला तीन वर्षं झाली, त्यांनी हात लावलेला नाही. मी थकलोय, पंखा कधी बंद पडेल सांगता येत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर खुशाल हवा तो डिस्ट्रो निवडा. पण पुसायच्या आधी दुपारी त्याच्यासमोर कोण बसतं, त्या माणसाला विचारा.

गेल्या रविवारी मला पुन्हा पिशवीत घालून नेलं. श्यूल्वानबाईंनी तो तुकडा मोठ्यानं वाचला, आणि बहिणीचा हात हातात घेतला.

"ताई, माझे पाय सोलले तेव्हा तू काय केलं होतंस गं?"

आमिएननं ऐकलं. ती खाली वाकली, श्यूल्वानबाईंच्या पावलांकडे बराच वेळ बघत राहिली, आणि म्हणाली, "नर्सबाई, फार दुखतं का?"