चांदणीचं बी

त्या बिया इतक्या बारीक, इतक्या बारीक, की मुंगीने एखादी उचलली तर मुंगीला वाटावं, आज आपण रिकाम्या हातानेच घरी चाललोय. एकदा मोठे साहेब त्या खोलीत शिंकले आणि टेबलावरची एक अख्खी जात नाहीशी झाली. पुढे कितीतरी दिवस सगळे जण गुडघ्यांवर रांगत फरशी हुंगत होते. तेव्हापासून दारावर पाटी आहे, शिंक आली तर जिन्यात जा.

झाडांचा अभ्यास करणाऱ्या त्या संस्थेत त्या खोलीला बियांची खोली म्हणायचे आणि तिथे राज्य होतं आक्कांचं. आक्कांची नजर अशी, की भिंगाशिवाय बी बघून त्याच्या आजोळची चौकशी करतील. त्यांच्या हाताखाली कोण, तर त्यांचीच भावजय. तिला सगळे चिमटी म्हणायचे. एक तर तिच्यासारखी चिमटी कुणाला धरता येत नसे. बी चिमटीत आलं की बियालासुद्धा कळायचं नाही आपल्याला उचललंय ते. आणि दुसरं, तिने बोलता बोलता चिमटा काढला की दंडावर वळ उठायचा.

दिवसभर दोघी एका टेबलावर, संध्याकाळी दोघी एकाच घरात. मधे बसमध्ये तेवढ्या वेगवेगळ्या सीटवर.

काम असं. टेकडीच्या उतारावर निळ्या फुलांची बुटकी झाडं उगवतात. पान तेच, फूल तेच, उंची तीच. बघणाऱ्याला वाटावं सगळं एकच घराणं. पण त्यांचं बी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं की बिंग फुटतं. एकाचं गुळगुळीत, दुसऱ्यावर जाळी, म्हणजे या दोन वेगळ्या जाती. बारीकसारीक बघायचं तर तळघरातला मोठा सूक्ष्मदर्शक आहे, आणि त्याचा थाट असा, की नागडं बी त्याला चालत नाही. आधी बियाला सोन्याचा मुलामा द्यायचा, मग तो बघणार. नणंदेच्या हातात कधी सोन्याची बांगडी आली नाही, भावजयीची होती ती घर बांधताना गेली, पण दोघींच्या बिया मात्र सोन्याने मढलेल्या.

नवीन मुलं शिकायला आली की आक्का सांगायच्या, "एकसारखे कपडे घातले म्हणून जावा-जावा बहिणी होत नाहीत. बियाला विचारा. बी खोटं बोलत नाही." आणि चिमटीकडे हात करून म्हणायच्या, "ही बघा, आमच्या घरात बाहेरून आणून लावलेलं रोप. वाढलंय बरं, पण मुळं अजून कुंडीतच."

चिमटी काय ऐकून घेणारी होती होय? एकदा फळ्यावर या निळ्या झाडांचा वंशवृक्ष काढला होता. कुठली फांदी कुठून फुटली ते साहेब मुलांना समजावत होते. एक फांदी मधेच थांबलेली. साहेबांनी विचारलं, हिचं पुढे काय? चिमटी पटकन म्हणाली, "ती आमच्या आक्कांसारखी आहे. तिथेच संपते."

सगळे हसले. आक्कांचं लग्न झालेलं नव्हतं, ते साऱ्या इमारतीला ठाऊक होतं. आक्काही हसल्या. सगळ्यांच्या शेवटपर्यंत हसत राहिल्या. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आता आक्कांची निवृत्ती आली. साहेबांनी चिमटीला स्पष्ट सांगितलं, "स्वतःचं असं काहीतरी दाखव. तुझी म्हणून एखादी नवी जात ठरली, की आक्कांनंतर खोली तुझी. नाहीतर बाहेरून कुणीतरी येईल, मग त्यालाही चिमटी लागेलच." म्हणजे जन्मभर दुसऱ्याच्या बिया चिकटवत बसायचं.

आणि बघा, नशीब कसं दार ठोठावतं. आक्कांनीच कपाटातून तीन पुड्या काढून तिच्यापुढे टाकल्या. "गेल्या हंगामात मी टेकडीच्या पलीकडून आणल्यात. बघायच्या राहिल्यात. घे."

चिमटीने बिया चिकटवल्या, सोन्याने मढवल्या, तळघरात नेल्या. पडद्यावर बी आलं आणि ती खुर्चीतून अर्धी उठली. गुळगुळीत नाही, जाळी नाही. बियाच्या अंगभर चांदण्या. एकीला एक लागून, टोकदार, जणू कुणी सुईने कोरून काढल्या. दुसऱ्या पुडीत तेच. तिसऱ्या पुडीत तेच.

तिने आक्कांना खाली बोलावलं. आक्का पडद्याकडे बघत राहिल्या. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"काय म्हणता?" चिमटीने विचारलं.

"मी काय म्हणणार? बी तुझं, डोळे तुझे." आणि जिन्यावरून वर जाता जाता थांबून म्हणाल्या, "एकदा टेकडीवर जाऊन ताजं बी आणून बघ हो. पुडीतल्यावर विसंबून राहू नये. मी आपली म्हातारी सांगते, ऐकलंस तर ऐक."

सल्ला शंभर नंबरी होता. दुसऱ्या कुणी दिला असता तर चिमटी त्याच दुपारी टेकडी चढली असती. पण दिला कुणी? नणंदेने. आणि तोही त्या सुरात, ज्या सुरात त्या घरी म्हणायच्या, भाजीत मीठ बघून घाल हो. चिमटी मनात म्हणाली, वा, म्हणजे मी टेकडीवर पाय तोडत बसू, तोवर हंगाम निघून जाऊ दे आणि तुम्ही निवृत्त व्हा. ती टेकडीवर गेली नाही. आक्कांनी एवढी वर्षं बियांचा अभ्यास केला असेल, पण भावजयीचा त्याहून जास्त केला होता.

राहिलं नाव. या लोकांचा एक जुना नियम असतो. झाड शोधणाऱ्याने त्याला स्वतःचं नाव द्यायचं नाही. ते दुसऱ्याने प्रेमाने द्यायचं. आक्कांनी जन्मभर किती जाती वेगळ्या केल्या, कुणाकुणाची नावं दिली, साहेबांचं दिलं, साहेबांच्या साहेबांचं दिलं. त्यांचं नाव मात्र कुणाला सुचलं नाही.

घरी चिमटीचा नवरा भांडी पुसत होता. तो आक्कांचा धाकटा भाऊ, मनाने चांगला, फक्त दोन बायकांच्या मधे राहून त्याची मान कायम टेनिस बघितल्यासारखी हलायची. तो हळूच म्हणाला, "आक्काचं नाव दे ना. चाललीय आता ती. तिला बरं वाटेल."

"मेल्यावर देऊ," चिमटी म्हणाली. "तेव्हा आभार मानायला तरी येणार नाहीत."

"मग कुणाचं देणार?"

"छकुलीचं."

छकुली त्यांची मुलगी, शाळेत जाणारी, दात पडलेली. आणि आक्कांचा जीव की प्राण. आक्का जगात कुणाला भीत नसत, पण छकुली रुसली तर त्यांच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. चिमटीने हे लेकीच्या प्रेमापोटी केलं असं कुणी म्हणेल. थोडं होतंही तसं. पण खरी गोष्ट अशी, की नवी जात ठरवायच्या सभेत आक्का काहीतरी खोडा घालतील ही धास्ती तिला होती, आणि ती मनात म्हणाली, आत्या भाचीच्या नावावर कशी काट मारते ते बघतेच. पोरगी तिने ढालीसारखी पुढे धरली. नाव कुणाला सांगितलं नाही. फक्त छकुलीच्या कानात सांगितलं. छकुलीने ते वर्गात सांगितलं, बसमध्ये सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. आत्याला मात्र नाही, कारण ते आत्याला अचानक दाखवायचं होतं.

सभेच्या दिवशी खोली भरली. साहेब पुढे, बाहेरून आलेले दोन परीक्षक, मागे मुलं. आक्का कडेच्या खुर्चीवर, एक हात कोटाच्या खिशात. चिमटीने तो हात पाहिला. वाटलं, थंडी असेल.

ती छान बोलली. गुळगुळीत बी दाखवलं, जाळीचं दाखवलं, आणि मग पडदाभर चांदण्या आल्या तेव्हा परीक्षकसुद्धा खुर्चीत पुढे सरकले. साहेबांनी टेबलावर टिचकी वाजवली. ते खूश झाले की टिचकी वाजवत.

मग शेवटी नाव आलं. छकुलीचं शाळेतलं नाव, मागे लॅटिन शेपटी लावलेली. चिमटीने सरळ आक्कांकडे बघितलं.

आक्कांनी नाव वाचलं. चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. खिशातला हात बाहेर येता येता मनगटापाशी थांबला. चिमटीला वाटलं, जिंकले. मग तो हात बाहेर आला. त्यात एक छोटीशी डबी होती, सोनेरी बिया चिकटवलेली गोल चकती ठेवतात ती.

"हेही जरा बघू या का?" आक्का गोड आवाजात म्हणाल्या. "वेळ आहे ना, साहेब?"

सगळे तळघरात उतरले. चकती आत गेली, पडद्यावर बी आलं. अंगभर चांदण्या.

"हे कुणाचं बी, सांग बरं," आक्का म्हणाल्या.

"माझंच," चिमटी म्हणाली. "नवी जात."

"नक्की?"

"आक्का, एवढी वर्षं झाली, मला माझं बी ओळखता येणार नाही?"

"नीट बघून सांग. घाई नाही."

"बघितलं. चांदण्या आहेत. माझंच."

आक्कांनी मान हलवली, शिकवणीतल्या मुलाने नेमकी ठरलेली चूक करावी तशी. "हे गुळगुळीत जातीचं बी आहे. आपल्या कपाटातलं, अगदी साधं. परवा मी कीड मारायच्या गरम पेटीत घातलं आणि काटा थोडा जास्त फिरवला. बी भाजलं की वरची साल आत बसते आणि कोपरे तेवढे उभे राहतात. ते असे दिसतात." मग परीक्षकांकडे वळून अगदी साधेपणाने म्हणाल्या, "तिच्या तीन पुड्यांचंही तेच झालंय. गेल्या हंगामात मीच पेटीत ठेवल्या होत्या. फोन आला, बोलत राहिले, भाजल्या. चूक माझी. तिला म्हटलं होतं मी, ताजं बी आणून बघ म्हणून. विचारा हवं तर."

कुणी विचारलं नाही. सगळे चिमटीच्या तोंडाकडे बघत होते, आणि ते तोंडच उत्तर देत होतं.

"पण आक्का, तुम्हीच मुलांना सांगता," मागून एक मुलगी म्हणाली, "बी खोटं बोलत नाही म्हणून."

"नाहीच बोलत. पण भाजलं की काहीही बोलतं. माणसासारखंच आहे ते."

सगळे हसले. चिमटीही हसली. सगळ्यांच्या शेवटपर्यंत हसत राहिली.

जिन्यात तिने आक्कांना गाठलं. तिथे शिंकायची परवानगी होती, रडायची कुणी पाटी लावलेली नव्हती.

"पहिल्याच दिवशी ओळखलं होतंत."

"चष्मा पुसला तेव्हाच."

"आणि इतके महिने मला लिहू दिलंत."

"छान लिहीत होतीस. मधे कशाला बोलायचं?"

"पडद्यावर छकुलीचं नाव होतं, आक्का. वाचलंत ना? वाचून हात बाहेर काढलात."

आक्का पायरीवर टेकल्या. डबी उघडून बिया बघितल्या, मिटली. "तिचं नाव बघून थांबले होते मी. तू बघितलंस ते." मग हळूच, जणू भाव विचारावा तसं म्हणाल्या, "माझं असतं ना, तर हात खिशातच ठेवला असता. जात खोटी तर खोटी. कुणी टेकडीवर तपासायला गेलं असतं तोवर मी कुठे असणार होते?"

चिमटीला भांडी पुसणारा नवरा आठवला, आणि आपणच म्हटलेलं, मेल्यावर देऊ. एका नावाची तर गोष्ट होती. चिमट्याला पहिल्यांदाच धरायला काही सापडत नव्हतं.

खोली तिला मिळाली नाही. आणि बाहेरूनही कुणी आलं नाही. परीक्षकांनीच लिहून दिलं, की अशी पारखी बाई सोडू नका, म्हणून आक्कांची नोकरी वाढवली. चिमटी पुन्हा त्याच टेबलावर, समोर आक्का, मधे बिया.

खोलीत काचेचं झाकण असलेला एक ट्रे आहे. नव्या मुलांना दाखवण्यासाठी त्यात नमुनेदार चुका ठेवतात. कच्चं बी, बुरशीचं बी, डिंकाने फुगलेलं बी. आक्कांनी चांदण्यांची चकती तिथे सगळ्यांच्या पुढे ठेवली. खाली कागद चिकटवायचा असतो, कुठलं बी कुठलं समजून चूक झाली, त्याचा. तो चिमटीलाच लिहावा लागला. तिचं अक्षर चांगलं.

एके दिवशी शाळा लवकर सुटली म्हणून छकुली आली. आत्याने तिला उचलून ट्रेपाशी नेलं.

"माझं झाड कुठाय?"

"हे बघ, सोन्याचं."

छकुलीने काचेला नाक लावलं. स्वतःचं नाव वाचलं. त्याच्या पुढचा शब्द वाचला. एकेक अक्षर जोडून, शाळेत वाचतात तसा मोठ्याने. चू, क.

टेबलापाशी चिमटीची चिमटी हवेत थांबली. आक्काही थांबल्या.

"आई, मी सगळ्यांना सांगितलंय," छकुली म्हणाली. "दूधवाल्यालापण."

छकुलीने पुन्हा ट्रे बघितला, मग भिंतीवरची कपाटं, खणाखणावरची नावं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वाचायला नवीनच शिकली होती, सोडवत नव्हतं तिला.

"आत्या, तुझं नाव कुठाय?"

"माझं नाही, बाळा."

"एकपण नाही?"

"नाही."

"चुकीतपण नाही?"

आक्कांनी तिला खाली ठेवलं. चिमटीने मान खाली घातली आणि बी उचललं. बरोब्बर मधोमध चिकटवलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं होतं, ते आक्कांना दिसेल एवढंच तिने ठेवलं.