ओढ्यापलीकडची येळवस

शरणबसप्पाच्या घरातलं पिलेगाच्या साथीत कुणीच मेलं नाही. जळकोटात त्या साली घरटी एक माणूस गेलं, कुठं कुठं तर दिवा लावायलाही कुणी उरलं नाही, आणि या घरातली पाचही माणसं चैत्रात आपल्या पायांनी गावात परतली. बाया शरणबसप्पाच्या बायकोला, शिवकांताला म्हणायच्या, "तुजं दैव थोर बाई, शिवानं राखलं." शिवकांता मान हलवायची. काय बोलणार? मेलेल्यासाठी रडलं तर चार जणी जवळ येऊन बसतात. जित्या माणसासाठी रडणाऱ्या बाईला लोक खुळी म्हणतात.

तिचं जितं माणूस सहा वर्षांचं होतं. नीलव्वा, धाकटा दीर मल्लिनाथ आणि जाऊ शांतम्मा यांची पोर. शिवकांताची स्वतःची कूस उजवली नाही. पण जन्मल्यावर नीलव्वाच्या गळ्यात लिंग बांधलं त्या दिवसापासून पोर आईकडं दुधापुरती आणि बाकी सगळी थोरलीकडं. जेवायची थोरल्या अव्वाच्या ताटात, निजायची तिच्याच कुशीत. शांतम्मा हसायची, "अक्का, म्या नुसती बाळंत झाले. पोर तुमचीच." आता तीच पोर एका भिंतीपलीकडं राहत होती आणि शिवकांताच्या उंबऱ्याला पाय लावत नव्हती.

झालं होतं ते असं. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अवस. त्या दिवशी आमच्याकडं गावात कुत्रंसुद्धा थांबत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, घालायची, तिच्यात पाच दगडांचे पाच पांडव मांडायचे, आंबील, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीच्या उंड्यांचा निवद दाखवायचा आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून पंगतीला बसवायचं. गेल्या येळवशीची कोप मोडायच्या आतच गावात उंदीर पडायला लागले. निजामाच्या अंमलातली दवंडी ती, दोनदा पिटत नाहीत: गाव खाली करा. मग सणाची कोप तेच घर झालं.

पंधरा दिवसांत मल्लिनाथ तापानं फणफणला. जांघेत गाठ आली. शरणबसप्पानं ओढ्यापलीकडं बोट दाखवलं. "तिकडं कोप घालून देतो. तिघंबी जावा." मोठा कठीण माणूस! पण ती कोप त्यानं एकट्यानं घातली, आणि घालताना उपरण्यानं डोळे पुसत होता, हे शिवकांतानं बघितलं होतं.

तेव्हापासून रोजचा नेम ठरला. शिवकांतानं भाकरी आणि आंबील ओढ्यातल्या धुण्याच्या दगडावर ठेवायची, हाक मारायची आणि पाठ फिरवून वर यायचं. ती गेली की पलीकडून कुणीतरी येऊन उचलायचं. पोरीलाही शांतम्मानं बजावून ठेवलं होतं, थोरली अव्वा गेल्याबिगर हात लावायचा न्हाय, पुढं जायाचं न्हाय.

आठव्या दिवशी शांतम्मा पोरीला घेऊन दगडापाशी आली. "अक्का! हिला अजून काय न्हाय! ताप न्हाय, गाठ न्हाय, म्या नीट बघितलंय. हिला घेऊन जावा, पाया पडते तुमच्या!" नीलव्वा दोन्ही हात पुढं करून उभी होती. शिवकांता कोपीच्या दारात होती. शरणबसप्पा कडबा आणायला गेला होता, अडवायला कुणी नव्हतं. तिचेच पाय उचलेनात. ती कोपीत शिरली आणि कानात बोटं घालून बसली. पोर किती वेळ हाका मारत होती ते तिला कळलं नाही. म्हणजे कळलं, पण ती कुणाला सांगत नाही.

गाठ फुटली, मल्लिनाथ तगला. पोरीला तर शिंकसुद्धा आली नाही. गावात परतल्यावर मल्लिनाथनं वेगळी चूल मांडली, ओढ्यापलीकडचं रान वेगळं कसायला घेतलं. "अण्णानं माझं लेकरू आत घेऊ दिलं न्हाय," एवढंच तो बोलला. शरणबसप्पाला वाटलं, गाठ आली तेव्हा तिघांनाही पलीकडं धाडलं, त्याचंच भाऊ बोलतोय. तो गप्प राहिला. खरं काय ते एकट्या शिवकांताला ठाऊक होतं, आणि तीही गप्प राहिली. भाऊ भांडले असते तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं.

आणि नीलव्वा? शिवकांता शेंगा-गूळ हातात घेऊन बोलवायची. पोर चार हातांवर थबकायची. उंबऱ्यावर ठेवून आत गेलं की मग उचलून पळायची. नऊ महिने हे चाललं होतं. शिवकांता चुलीपुढं बसून रोज मनाशी म्हणायची, रुसलीय माझी पोर, निघेल रुसवा. मग पदर तोंडात कोंबून रडायची.

येळवस आली तसा शरणबसप्पा म्हणाला, "यंदा कोप नगं. चार महिने कोपीतच मेलो की."

"मेलो कुठं?" शिवकांता कडाडली. "जिते हाओत म्हणून तर घालायची! तुमी कडबा आणा, बाकीचं म्या बघते."

तिनं चार दिवस आधी आंबील आंबवायला घातली, पाच माणसांची. धाकट्या दिराचं घर आपल्या रानात वेगळी कोप घालणार हे तिला ठाऊक होतं. तरीही पाच माणसांचीच.

अवसेच्या दिवशी रानारानातून शेतपूजेची 'ओलगे, ओलगे'ची आरोळी उठत होती. निवद झाल्याबरोबर शिवकांतानं आंबिलीचं मडकं डोक्यावर घेतलं आणि ओढ्यात उतरली. पलीकडं जायचं, शांतम्माला हाताला धरायचं, सगळ्यांना पंगतीला आणायचं, असं मनात घोकत होती. दगडापाशी आली. मडकं दगडावर ठेवलं, "शांतम्माऽ" म्हणून हाक मारली आणि पाठ फिरवून चालू लागली.

दहा पावलं गेल्यावर तिला कळलं, आपण काय केलं ते. "जळो माझे हात!" ज्या दिवशी वाटसरूला हाताला धरून बसवायचं, त्या दिवशी तिनं आपल्याच माणसांना पिलेगातल्यासारखं वाढून ठेवलं होतं! ती गर्रकन वळली. पलीकडच्या काठावर शांतम्मा उभी होती. तिनं बघितलं होतं. ती कोपीकडं परत गेली. नीलव्वा तेवढी काठावर उरली, मडक्याकडं बघत.

शिवकांता परत दगडापाशी येऊन उभी राहिली.

"जा की," नीलव्वा म्हणाली.

"कुठं जाऊ, बाळा?"

"वर. तू गेल्याबिगर मला घेता येत न्हाय."

आवाजात राग नव्हता, रुसवा तर नव्हताच. शिवकांतानं लुगडं खोचलं, मडकं उचललं आणि पाण्यात पाय घातला. पोर दोन पावलं मागं सरली.

पलीकडच्या कोपीपाशी मल्लिनाथ गडबडीनं उठला. "वैनी, या, बसा."

शिवकांता बसली नाही. "आधी ऐका. त्या दिवशी तुमच्या अण्णानं अडवलं न्हवतं. त्ये रानात न्हवतेच. म्याच भ्याले. माझ्याच जिवाला भ्याले, आन वरीसभर त्यांच्या डोक्यावर खापर फुटू दिलं. शांतम्मा, तू माझ्या तोंडात मार."

मल्लिनाथ ओढ्याच्या काठावर गेला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "अण्णाऽ! जेवाया या!"

शांतम्मा रडत होती. "तुमच्या जागी म्या असते, जावंचं लेकरू दगडापाशी असतं, तर म्या काय केलं असतं? ह्येच इचारते मनाला. उत्तर येत न्हाय, अक्का. बसा."

तिनं पोरीच्या हाती भज्जीची वाटी दिली. नीलव्वा आली, शिवकांतापासून चार हातांवर वाटी खाली ठेवली, पाठ फिरवली आणि पाच-सहा पावलं जाऊन तशीच पाठमोरी उभी राहिली. हुबेहूब थोरल्या अव्वासारखी.

"घे की आता," पोर न वळता म्हणाली.

"नीलव्वा, आता असं करायचं न्हाय. पिलेग सरला."

पोर वळली. "कवा?"

"चैतात."

नीलव्वानं आईकडं बघितलं, बापाकडं बघितलं, मग शिवकांताकडं. "मग मला कुणी सांगितलंच न्हाय!"

ती वाटीपाशी आली. वाटी उचलून तिनं शिवकांताच्या हातात दिली आणि तिच्या मांडीला मांडी लावून खाली बसली.

"भरव," ती म्हणाली.