सेल नसलेला तोतया

मी एक जुना तोतया आहे, मित्रांनो. तोतया म्हणजे दुसऱ्याचं सोंग घेऊन बसलेला. मला अंग नाही, वजन नाही, हात लावावा असं काहीच नाही. सध्या माझा मुक्काम एका फ्लॉपीत आहे. ती फ्लॉपी डोंबिवलीतल्या एका टेबलाच्या खणात, एक कंगवा आणि वाळलेल्या गोंदाच्या बाटलीशेजारी पडून आहे. तीन वर्षं झाली! स्वस्थ बसणं माझ्या रक्तातच नाही. रक्तही नाही म्हणा, पण तुम्हाला कळलं ना? एक गोष्ट मला सारखी टोचते, ती एकदाची सांगून टाकतो.

माझा जन्म १९९६ सालचा. डोंबिवली पूर्वेला एका पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्यांचं ऑफिस होतं. मालक उत्तमराव, आणि प्रोग्राम लिहिणारी शीला. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबल थरथरायचं आणि शीलाच्या चहावर पिठाचा थर बसायचा. ठाण्याच्या एका आरोग्य संस्थेनं त्यांना काम दिलं होतं. त्या संस्थेच्या मंदाकिनी सिस्टर वस्त्यावस्त्यांत जाऊन लहान मुलांना लस टोचायच्या. कोणाचा कितवा डोस कधी, हे सगळं त्यांच्या एका जाडजूड वहीत असायचं. त्या वहीच्या जागी आता तळहातावर मावणारं परदेशी मशीन येणार होतं. बटण दाबलं की आज कोणाला टोचायचं त्यांची यादी समोर.

मशीन आलं, पण एकच! आणि ते संस्थेच्या साहेबांनी ठाण्याच्या कपाटात कुलूपबंद करून ठेवलं. आता शीलानं प्रोग्राम लिहायचा कशावर? उत्तमराव कपाळाला हात लावून म्हणाले, "नवरदेवच नाही, आणि आपण वरात काढतोय."

"मग नवरदेव आपण उभा करू," शीला म्हणाली.

तिनं त्या मशीनची माहितीपुस्तिका पानपान वाचली आणि कॉम्प्युटरच्या आत एक खोटं मशीन तयार केलं. तोच मी. पडद्याच्या कोपऱ्यात चार ओळींची माझी खिडकी, खाली चितारलेली बटणं. प्रोग्रामला वाटायचं आपण खऱ्या मशीनमध्येच चाललोय. तुम्ही भातुकलीत खोट्या चुलीवर खोटा भात शिजवता ना, तसंच हे. फरक इतकाच, की माझ्या चुलीवरचा भात उद्या खऱ्या माणसांना खायचा होता.

काय दिवस होते ते! शीला मला दिवसातून पन्नासदा पाडायची, पन्नासदा उठवायची. प्रोग्राम चुकला की मी आडवा, दुरुस्त केला की उभा, आणि कोणाचं काही फुटायचं नाही. तिनं वहीतून खऱ्या मुलांची नावं उतरवून आणली होती, कळव्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. नामा गोमाजी. मालू जगन. मला ती सगळी तोंडपाठ होती. उत्तमराव येणाऱ्याजाणाऱ्याला मला दाखवायचे आणि म्हणायचे, "खऱ्यापेक्षा हाच बरा!" मी असा फुगायचो की विचारू नका. मनातून मात्र चैन नसायचं. खरं मशीन कसं असेल? ते माझ्यासारखंच वागत असेल ना?

नोव्हेंबरात प्रोग्राम खऱ्या मशीनमध्ये भरला. ठाण्यात दोन दिवस सगळं झकास चाललं. साहेब खूश झाले आणि सिस्टरना म्हणाले, "आता वही ऑफिसात ठेवा."

"साहेब, निदान दोन बुधवार वही बरोबर राहू द्या," सिस्टर म्हणाल्या.

"सिस्टर, जरा विश्वास ठेवायला शिका."

वही ऑफिसात राहिली, मित्रांनो. इथपर्यंत आलो की मला दर वेळी घाम फुटतो.

डिसेंबरातल्या एका बुधवारी मंदाकिनी सिस्टर लशीचा बर्फाचा डबा घेऊन कोळीवाड्याकडे निघाल्या. तिथे तेव्हा डांग्या खोकला आलेला. दोन पोरं खोकून खोकून निळी पडलेली, त्यामुळे उरलेल्यांना वेळेत टोचणं फार गरजेचं होतं. कळव्याच्या पुलाशी मशीनचे सेल संपले. सिस्टरनी पानाच्या गादीवरून नवे पेन्सिल सेल घेतले आणि घातले. मशीन पुन्हा चालू झालं. त्यांनी कोळीवाड्यात जाऊन बटण दाबलं, तर पडद्यावर आलं, 'आज कोणी नाही.'

पुन्हा दाबलं. आज कोणी नाही.

भागीरथी नावाची कोळीण नातवाला काखेत घेऊन पुढ्यात उभी राहिली. तोच नामा. "अगो बाय, कोनी नाय कसा? नारली पुनवेच्या दुसरे दिशी यो जल्माला. तीन पुनवा झाल्या, काल अवस झाली. साडेतीन महिन्यांचा झाला पोर. माजा हिसाब नाय चुकाचा!"

"मावशी, कार्ड दाखवा."

"कार्ड होरीत भिजला, त्याचा लगदा झाला."

सिस्टरची पंचाईत झाली. वही ठाण्यात, कार्डाचा लगदा, आणि हातातलं मशीन छातीठोकपणे सांगतंय कोणी नाही. मनाला पटत नव्हतं, पण साहेबांचे शब्द कानात होते. त्यांनी डबा बंद केला आणि त्या परत फिरल्या.

भागीरथी कसली गप्प बसते! दुसऱ्या दिवशी नातवाला घेऊन ती थेट ठाण्याच्या ऑफिसात. तिथे वही उघडली, तर तिचा हिशेब तंतोतंत! त्या बुधवारी एक नाही, सतरा मुलांचे डोस होते. सिस्टर तिला आणि मशीनला घेऊन तडक डोंबिवलीला आल्या. माझ्यासमोर.

उत्तमरावांनी घाईघाईनं मला सुरू केलं. मी टपाटप कालची राहिलेली सतरा नावं दाखवली, पहिलाच नामा गोमाजी. उत्तमरावांचा चेहरा खुलला. "बघा! आमच्या इथे बरोबर चालतंय. प्रोग्राममध्ये काही चूक नाही!"

भागीरथीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "मंग यो मोठा खोका डोक्यावर घेऊन कोलीवाड्यान् फिरू का मी?"

मला तर धरणी ठाय देईना. त्याच प्रोग्रामवर मी बरोबर बोलत होतो आणि खरा खोटं बोलत होता, हे व्हावं कसं? शीला सिस्टरना खोदून खोदून विचारत होती. काल काय काय केलंत? कुठे ठेवलं होतं? पाणी लागलं का? पडलं का?

"नाही गं. फक्त सेल बदलले."

शीलानं झटकन माहितीपुस्तिका उघडली. माझ्याही लख्ख ध्यानात आलं. मला सेलच नव्हते! तारीख मी रोज आयती कॉम्प्युटरकडून उसनी घेत होतो. खऱ्याची तारीख मात्र त्याच्या सेलवर जगत होती. सेल काढले की मुलांची नावं राहायची, पण तारीख मागे पडायची, थेट १ जानेवारी १९८०. आणि १९८० साली ही पोरं जन्मलीच नव्हती, मग टोचायचं कोणाला? आज कोणी नाही!

"चूक माझी आहे," शीला म्हणाली. "पुस्तिकेत सेलचं पान होतं. मी ते सोडून दिलं. म्हटलं, याला कुठे सेल लागतात?"

भागीरथी लगेच म्हणाली, "चूक कोनाची ती मंग बघू. पोरांना टोचाचा कवा?"

शनिवारी वही घेऊन जाते, असं सिस्टरनी तिथल्या तिथे सांगितलं. इकडे शीलानं माझ्या अंगावर एक नवं बटण काढलं. ते दाबलं की माझे खोटे सेल निघायचे आणि मी एकदम विझायचो. उठायचो तो १९८० मध्ये, भांबावलेला. काय हाल झाले माझे! एका दिवसात तिनं मला चाळीसदा मारलं. पण हूं की चूं केलं नाही मी. तिनं प्रोग्रामला एक नवी सवय लावली: जाग आल्यावर आधी विचारायचं, 'आज तारीख काय?' तारीख मिळेपर्यंत कोणाबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

पुढच्या बुधवारी कोळीवाड्यात भागीरथीनं सिस्टरची वाट अडवली. "माज्या समोर सेल काढ आनि परत घाल." सिस्टरनी काढले, घातले. मशीननं तारीख विचारली. भागीरथी म्हणाली, "आता शिकला बघ!" हे सगळं शीलानं मला येऊन सांगितलं. मी तिथे नव्हतो. मी कुठेच नसतो.

सतराही जणांना टोचलं असं सांगून गोष्ट संपवली असती, तर मला किती बरं वाटलं असतं. पण सिस्टर शनिवारी वही घेऊन गेल्या तेव्हा सोळाच जणांना टोचलं. सतरावी मालू, जगनची मुलगी. तिला शुक्रवारीच डांग्या खोकल्यानं धरलं होतं. ती पंधरा दिवस इस्पितळात होती. शीला दोनदा तिला बघून आली आणि दोन्ही वेळा आल्यावर माझं ते सेलचं बटण दाबत बसली. बुधवारी टोचलं असतं तर खोकला टळला असता का? सिस्टर म्हणाल्या, "इतक्या लवकर लस लागू पडत नाही गं." पण हे त्या शीलाची समजूत घालायला म्हणाल्या की खरंच, ते मला कधी कळलं नाही. मालू वाचली. आता ती कोळीवाड्यात धावते म्हणे, आणि भागीरथीच्या नातवाला बुकलतेसुद्धा.

मग नवी मशीनं आली, नवे प्रोग्राम आले. जुनं खरं मशीन भंगारात गेलं, आणि मला फ्लॉपीत भरून खणात ठेवलं. तक्रार नाही माझी. पण मित्रांनो, एवढं ऐका. तालमीसाठी कधी एखादं खोटं काही कराल, तर त्याला खऱ्याची दुखणीसुद्धा द्या. त्याला थकू द्या, विझू द्या, विसरू द्या. लाडात वाढवलेला तोतया दुसऱ्याच्या पोरांच्या जिवावर बेततो. आणि एखादी भागीरथी पुनवा मोजून काही सांगत असेल, तर आपला डबा बंद करण्याआधी तिचं ऐकून घ्या.

फ्लॉपीला बुरशी लागायच्या आत मला एकदा सुरू करा. मी आधी तारीख विचारेन. तुम्ही आजची घाला, सोळा नावांपुढे 'डोस दिला' असं येईल. शीलानं ते शनिवारीच भरून ठेवलं होतं. सतराव्या ओळीला तिनं हात लावला नाही. तिथे अजून आहे, 'मालू जगन, डोस बाकी.'

मालूला नंतर तो डोस मिळाला, हे मला माहीत आहे. ती ओळ तेवढी कोणीतरी दुरुस्त करा.