पेरलं कोणी?

मार्गशीर्षातल्या त्या सकाळी झुंबरबाई चुलीपुढे भाकरी थापत होती, तेव्हा तिचा थोरला दीर लोटन अंगणात येऊन उभा राहिला आणि भिंतीशी बोलावं तसा बोलू लागला. कपाशी सोडून ज्वारी पेरणाऱ्यांना सरकार आज चावडीवर पैसे वाटतंय. कागदावर पेरणारा म्हणून त्याचं नाव लागलंय. जमीन मयत भावाची, म्हणून तिचा अंगठा तेवढा हवा. एवढं सांगून तो निघूनही गेला.

झुंबरबाईचं डोकं भणाणलं. ते चार एकर रान तिनं एकटीनं पेरलं होतं. महायुद्धापायी शहरांत धान्य मिळेना म्हणून सरकारनं ही मदत काढलेली, पण तलाठी शेतावर कशाला जातोय! त्यानं पारावर बसून विचारलं, आणि पारावरच्या पुरुषांनी लोटनचं नाव सांगितलं. यंदा मदत त्याच्या नावावर गेली की पुढच्या साली रानही जाणार, हे कळायला शाळा शिकावी लागत नाही.

आणि हा लोटन कोण? तर रांडमुंडीच्या हातचं बी अभद्र, असं गावभर सांगत सुटलेला माणूस. भाऊ गेल्यापासून दोन हंगाम तिच्या रानातला दाणा त्यानं उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता. संक्रांतीला तिनं पाठवलेली ज्वारी त्यानं उकिरड्यावर ओतली. त्याचं बघून गावही तसंच वागलं. बिचारी टोपली डोक्यावर घेऊन साक्रीच्या बाजाराला जाई, कारण तिथं तिला कोणी ओळखत नव्हतं. वा रे रीत! दाणा विटाळलेला, आणि त्याच दाण्याचे पैसे मात्र सोवळे!

तिनं त्याच रानातल्या ज्वारीची एक भाकर फडक्यात बांधली, पदर कपाळावर ओढला आणि चावडी गाठली. त्या गावात विधवा चावडीची पायरी चढत नसे. ती चढली.

धुळ्याहून आलेले साहेब टेबलाशी बसले होते, आणि लोटन छाती काढून पुढे उभा होता. दिरासमोर कधी तोंड न उघडलेल्या बाईनं फडकं सोडलं.

"जिभाऊ, ज्वारी तुम्ही पेरी ना? मंग हाई भाकर खा."

साहेबांनी हे काय म्हणून विचारलं. शेजारी बसलेल्या गावच्या चुडामण पाटलांनी खाकरून खाकरून रीत सांगितली. साहेब हसले. ज्वारी तुमचीच असेल तर खायला काय हरकत, असं ते लोटनला म्हणाले. लोटननं भाकरीकडे पाहिलं, साहेबांच्या थैलीकडे पाहिलं. आणि खाल्ली हो त्यानं! साऱ्या गावासमोर, चावून चावून, अख्खी खाल्ली.

तो खाणार नाही असं झुंबरबाईला वाटलं होतं. रीत तरी खरी असेल, असं ती समजून होती. आपल्या हातातच काही वाईट असेल म्हणून दोन वर्षांत तिनं कोणाच्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवला नव्हता. तिला रडू आलं, आणि रडण्याहून संताप जास्त आला.

तलाठ्यानं शाई पुढे केली.

"मी नही देस," ती म्हणाली. "ज्वारी मी पेरी. मनं नाव लिखा, मंग अंगठा."

विधवेच्या शब्दावर चावडीचा कागद बदलत नसतो, असं पाटील म्हणाले. अंगठ्याशिवाय पैसे देता येत नाहीत, असं साहेब म्हणाले. शेत हाकेच्या अंतरावर होतं, पण चला बघून येऊ, असं एकाही मर्दाला सुचलं नाही. पैसे धुळ्याला परत गेले. गावानं झुंबरबाईला वाळीत टाकलं, आणि फाल्गुनात तिनं एकटीनं पुन्हा औत जुंपलं.

त्या भाकरीनं लोटनला साधी शिंकसुद्धा आली नाही. तेव्हा वाचकहो, एक करा. तुमच्या गावचा तलाठी भेटला की त्याच्या कागदावर पेरणारा म्हणून कोणाचं नाव आहे ते वाचा, मग त्या रानात जाऊन खुरपं कोणाच्या हातात आहे ते बघा. तिथं एखादी बाई दिसली, तर घरी येऊन जेवायला बसू नका. आधी चावडीवर जा.