पंख उतरलेली राणी

सोफे बनवणाऱ्या कारखान्यात दोघी बहिणींतली थोरली फोम कापायची. दिवसभर विजेची सुरी चालवून घरी येताना ती उरलेले तुकडे पोत्यात भरून आणायची. मालक कधी नाही म्हणाला नाही, उलट कचरा गेला म्हणून खूशच व्हायचा. घरी त्याच कचऱ्याची चिलखतं व्हायची. गरम हवेचं यंत्र फिरवलं की फोम कातडीसारखा आवळतो, तेवढ्यात तो गुडघ्यावर दाबून हवा तसा बाक द्यायचा, आणि वर रंगाचे हात चढवले की लांबून बघणाऱ्याला लोखंड वाटावं. त्या दोन खोल्यांत ढाली, शिरस्त्राणं, खांद्यावरचे खवले असं काय काय लटकत असायचं. पाहुणे यायचे झाले की आई ते सगळं पलंगाखाली ढकलायची आणि म्हणायची, "पोरींची लग्नाची वयं झाली आणि घरात बघा, युद्ध चाललंय."

बनवायची थोरली आणि घालायची धाकटी. धाकटी चष्म्यांच्या दुकानात काउंटरवर होती. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवून, मान तिरकी करून ती असं काही बघायची की माणूस दोन चष्मे घेऊन जायचा. अंगात पोशाख चढला की मात्र ही हसरी पोरगी कुठल्या कुठे जायची. चाल बदलायची, हनुवटी वर यायची. थोरलीला स्वतःला चार माणसांत उभं राहायचं म्हटलं तरी घाम फुटायचा. आपण केलेली वस्तू धाकटीच्या अंगावर जिवंत होताना पडद्याआडून बघायची, एवढंच तिला पुरत होतं.

दोघींना लहानपणापासून एकाच खेळाचं वेड होतं. कॉम्प्युटरवरचा खेळ, त्यात सात बुरुजांचं राज्य आणि त्या राज्याची गरुडराणी. शाळेच्या दिवसांत एकीनं माऊस धरायचा आणि दुसरीनं मागून ओरडायचं, अशा दोघींनी मिळून तो किती वेळा संपवला असेल याला गणती नाही. असल्या खेळांच्या, चित्रकथांच्या आणि सिनेमांच्या वेड्यांचा वर्षातून एकदा मोठा मेळावा भरायचा. तिथं पोशाखांची स्पर्धा असायची. बहिणींनी ठरवलं, यंदा गरुडराणीच करायची, आणि तिचे पंख उजळले पाहिजेत.

पंखांवर थोरलीनं जीव ओतला. जुन्या छत्र्यांच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर झुळझुळीत नायलॉनचं कापड, कापडाखालून दिव्यांच्या पट्ट्या आणि पाठीवरच्या कप्प्यात बॅटरी. असे पोशाख करणाऱ्या हौशींच्या त्यांच्या मंडळात एक वायरमन होता, सगळ्यांच्या पोशाखातली विजेची कामं तोच बघायचा. मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला. "ताई, फोटो बघितला. मध्ये फ्यूज टाक, आणि बॅटरी फोममध्ये गुंडाळू नकोस, तापते ती." थोरली हो हो म्हणाली. पण दुकानं बंद झाली होती, कप्पा चिकटवून झाला होता, आणि उघडायचा म्हणजे अख्खी पाठ फाडावी लागली असती. तिनं दिवे लावून बघितले. छान लागले. तिनं सुरी बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी धाकटी रंगमंचावर गेली, हात पसरले आणि पंख उजळले. सभागृह शिट्ट्यांनी दणाणून गेलं. मग पाठीतून धूर निघाला. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग, आणि टाळ्या वाढल्या. थोरली पडद्याआडून धावली. पंख घट्ट बसावेत म्हणून तिनं बक्कल मागच्या बाजूला लावलं होतं, घालणारीचा हात पोचणार नाही अशा जागी. ती पोचेपर्यंत नायलॉन वितळून धाकटीच्या मानेला चिकटलं होतं.

धाकटी वाचली. डावा गाल, कान, मान आणि डावा हात बोटांपर्यंत भाजला होता. इस्पितळात एका जागची कातडी काढून दुसरीकडे लावायची कामं झाली, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आईनं घरी येऊन एका दुपारी पलंगाखालचं सगळं ओढून काढलं आणि कचऱ्याच्या गाडीत टाकलं. थोरली दारात उभी राहून बघत होती. आई तिला काहीच बोलली नाही. बोलली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. पण त्या दिवसापासून आई तिच्याशी "जेवून घे" आणि "दार लाव" यापलीकडे बोलेनाशी झाली.

धाकटी घरी आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मुखवटा होता. पारदर्शक, कडक प्लास्टिकचा, तिच्याच चेहऱ्याचा साचा घेऊन केलेला. वण फुगू नयेत म्हणून तो जवळजवळ दिवसभर पट्ट्यांनी आवळून ठेवायचा. चष्म्यांच्या दुकानाचा मालक एकदा भेटायला आला, फळं ठेवून गेला. "घाई करू नकोस, पूर्ण बरी हो," असं दोनदा म्हणाला. काउंटरवर दुसरी मुलगी बसल्याचं नंतर कळलं.

थोरली कामावर जायची, फोम कापायची आणि तुकडे तिथंच टाकून रिकाम्या हातानं घरी यायची. धाकटीचं औषध, मलम, बोटांचे व्यायाम सगळं वेळेवर करायची. फक्त तिच्या डोळ्यांत बघायची नाही.

असे बरेच महिने गेले. एका सकाळी मलम लावून घेता घेता धाकटी म्हणाली, "मेळाव्याला जायचंय. राणी करायचीय."

थोरलीचा हात थांबला. "वेडबिड लागलंय का तुला?"

"खेळ संपतो तिथून पुढची राणी. बुरूज पडलेत, पंख उतरलेत, आणि तरी ती चालत निघालीय. इस्पितळात पडल्या पडल्या मी तिची सगळी गोष्ट रचलीय मनात. दुसरं काम काय होतं? चिलखत मोडकं हवं. आणि मुकुट असा कर, की मुखवट्याच्या पट्ट्या त्याच्याखाली झाकल्या जातील."

"माझ्याच्यानं होणार नाही."

"का?"

थोरलीनं मलमाची डबी खाली ठेवली. "कारण मला सांगितलं होतं. वायरमननं. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं, आणि मी..."

"माहितीय मला," धाकटी म्हणाली. "फोन स्पीकरवर होता. मी शेजारीच बसून नखं रंगवत होते."



"मग तू बोलली का नाहीस?"

"मला पंख उजळलेले हवे होते," धाकटी म्हणाली. "आता ते मलम पुरं कर. आणि उगाच रडू नकोस, मी तुला माफबिफ केलेलं नाही. पण तुझ्याएवढं चांगलं मला कुणी करून देणार नाही, म्हणून तुला सांगतेय."

थोरलीनं पोशाख केला. विजेची एक तार नाही, भडकेल असं एक कापड नाही, आणि प्रत्येक बक्कल पुढे, धाकटीच्या उजव्या हाताला लागेल असं. चिलखतावर तिनं तडे कोरले, गंजाचे डाग चढवले. मुकुट आतून मऊ कापडानं मढवला. आईनं सगळं बघितलं. एवढंच म्हणाली, "तिचं काय होईल ते होईल. तू मला काही सांगायला येऊ नकोस."

मेळाव्याच्या दिवशी दारातच लोक ओळखू लागले. वायरमन भेटला, तो धाकटीच्या पाण्याच्या बाटलीची पिशवी हातात घेऊन नुसता मागं मागं हिंडत राहिला. पण मोठ्या सभागृहातली बरीचशी माणसं यंदाची नवी होती. त्यांना काही ठाऊक नव्हतं.

धाकटी रंगमंचावर आली. पाय ओढत, एक खांदा पाडून, पण हनुवटी तशीच वर. मधोमध उभी राहिली आणि तिनं मुकुट उतरवला. हे ठरलेलं नव्हतं. मग पट्ट्या सोडून मुखवटाही काढला आणि चेहरा उजेडाकडे वळवला. सभागृहात जी टाळी पडली ती थांबेचना.

परीक्षकांत नाटकांचा एक नावाजलेला रंगभूषाकार होता. जखमा, वण, म्हातारपण, सगळं हुबेहूब उभं करणारा. तो खुर्चीतून उठून थेट रंगमंचावर आला. ध्वनिक्षेपक हातात होताच.

"कमाल आहे! वण इतके खरे मी आजवर बघितले नाहीत. चिकटवलेल्याची कड कुठंच दिसत नाही. कुणी केलंय हे?"

धाकटीनं पडद्याकडे मान वळवली. तिचे डोळे बरोबर थोरलीवर आले.

"माझ्या ताईनं केलंय," ती म्हणाली.

लोक ओरडत होते, "ताईला बोलवा, ताईला बोलवा." वायरमननं तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. ती कशीबशी रंगमंचावर गेली. रंगभूषाकारानं तिचा हात हलवला, "तुम्ही आमच्याकडं यायला हवं," असं काहीतरी म्हणाला आणि कौतुकानं बोट पुढं करून धाकटीच्या गालाकडं नेलं, कड शोधायला.

थोरलीनं त्याचं मनगट धरलं.

"नको. दुखतं तिला."

ध्वनिक्षेपक मधेच होता. ते शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेले.

रंगभूषाकाराच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरलं. त्यानं एकदा गालाकडं पाहिलं, एकदा हाताच्या आखडलेल्या बोटांकडं. मग मागं कुणीतरी एकट्यानं टाळी वाजवली, दुसऱ्यानं वाजवली, आणि बघता बघता सगळे उभे राहिले. कुणी डोळे पुसत होतं. धाकटीनं मुखवटा चढवला, पट्ट्या आवळल्या आणि टाळ्या चालू असतानाच ती आत निघून गेली.

मागच्या अंगणात, सामानाच्या गाड्या उभ्या असतात तिथं, थोरलीनं तिला गाठलं.

"मला राहवलं नाही गं. तो हात लावणार होता."

"लावू द्यायचा होतास. मी दात आवळून सोसलं असतं." मुखवट्याच्या आतून तिचा आवाज बसका यायचा. "पहिल्या टाळ्या राणीला होत्या, ताई. कितीतरी दिवसांनी मला बघून कुणाला वाईट वाटलं नव्हतं. तेवढा वेळ मी नुसती राणी होते. आणि तू येऊन सगळ्यांना सांगून टाकलंस की ही बिचारी आहे."

"तू म्हणालीस, मी केलंय म्हणून. सगळ्यांसमोर. मला काय वाटलं असेल?"

"वाटावं म्हणूनच म्हणाले. आणि पोशाख तूच केला होतास, तेही खरंच होतं. दोन्ही खरं होतं. तुला त्यातलं एकच ऐकू आलं."

तेवढ्यात आयोजकांची एक बाई धापा टाकत आली. हातात फुलं आणि एक चषक. "तुमच्या धैर्यासाठी आम्ही खास..."

"स्पर्धेत कितवा नंबर आला?" धाकटीनं विचारलं.

बाई गडबडली. "ते... परीक्षकांना वाटलं की तुम्हाला स्पर्धेत धरणं बरोबर होणार नाही."

"मग चषक परत न्या," धाकटी म्हणाली आणि चिलखताची बक्कलं एका हातानं एकेक सोडू लागली. थोरली मदतीला पुढं झाली तशी ती मागं सरकली. त्यामुळं त्याला फार वेळ लागला. बाई फुलं घेऊन तशीच उभी होती.

परतीच्या बसमध्ये दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसल्या.

घरात आता दोन अबोले झाले. आई थोरलीशी बोलत नव्हती, आता धाकटीही तिच्याशी बोलेना. थोरलीनं कारखान्यात जादा काम मागून घेतलं, म्हणजे घरी उशिरा जाता येईल. धाकटीनं कुठंकुठं नोकरीसाठी विचारलं. फोनवर सगळं जमायचं, समोर गेली की जागा भरलेली असायची. शेवटी एका कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारी फोनवर ऐकायचं काम मिळालं. तिथं चेहऱ्याची गरज नव्हती. पहिल्या दिवशी घरी येऊन तिनं हे हसत हसत सांगितलं. आई उठून आत गेली.

पुढं एका सुट्टीच्या दिवशी थोरली कपडे वाळत घालत होती, तेव्हा धाकटी मागं येऊन उभी राहिली.

"उद्या येताना तुकडे आण. जाड फोमचे."

"काय हवंय? मी करून देते."

"नाही. मीच करणार. तू फक्त सांगायचं."

दुसऱ्या संध्याकाळी दोघी जमिनीवर बसल्या. धाकटीच्या डाव्या हाताची बोटं पुरती मिटत नव्हती, त्यामुळं तुकडा धरला जाईना. तो तिनं टाचेखाली दाबला आणि उजव्या हातात सुरी घेतली. थोरली म्हणाली, "सुरी आडवी धर. ओढू नकोस, सरकू दे." धाकटीनं ओढली. कड खाऱ्या बिस्किटासारखी कुरतडली गेली. थोरलीचे हात शिवशिवले, तिनं ते मांडीखाली घातले.

"वाकडं गेलं," ती म्हणाली.

"दिसतंय मला."

धाकटीनं तो तुकडा बाजूला टाकला आणि दुसरा घेतला.