नावाड्याचं भाषण

फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरातल्या आमच्या कंपनीत आम्ही बारा जण व्हिडिओ गेम बनवतो. त्यातल्या भावना इल्पोच्या ताब्यात. "खेळणारा रडला पाहिजे" हा त्याचा हट्ट. स्वतःची बायको सोडून गेली, तेव्हा तो फक्त "यंदा मी रजा घेणार नाही" एवढंच म्हणाला होता.

तीन वर्षं खपून त्याने नव्या गेममधल्या कप्तानाचं मरण लिहिलं: मुलीच्या मांडीवर डोकं, भुरभुरणारा बर्फ, व्हायोलिन. चाचणीला सात जणांना बोलावून त्यांच्या छातीला ठोके मोजायचे पट्टे बांधले. कप्तान मेला. एकाने जांभई दिली. एकीने विचारलं, "आता याची बंदूक मला मिळणार का?"

सातव्या हिल्काबाई, एकाहत्तर वर्षांच्या, निवृत्त बसचालक. त्या कप्तानापर्यंत पोचल्याच नाहीत. गेमच्या सुरुवातीला, बोटीच्या धक्क्यावरच एका नावाड्याशेजारी पाऊण तास बसून राहिल्या, गाल ओले. त्या नावाड्याला एकच वाक्य होतं. जागा रिकामी दिसू नये म्हणून जेवायला जाता जाता मीच ते टाकलं होतं: "बस. बोटीला वेळ आहे."

"पुढे का नाही गेलात?" मी विचारलं.

"हा काही मागत नाही ना. आमचे ओलावी गेल्यापासून जो तो मागे लागतो. जेवलीस का, गाण्याच्या वर्गाला ये, कुत्रा पाळ. नुसतं बस म्हणणारा हाच पहिला."

इल्पोच्या अंगात आलं. "वेन्ला, घबाड सापडलं! याला मेलेली बायको दे. बुडालेला मुलगा दे!"

"अरे, तो गप्प आहे म्हणून तर—"

"गप्प माणसाला बक्षीस कोण देतं?"

महिनाभरात नावाडी चार मिनिटं बोलायला लागला. मागे कप्तानाचंच व्हायोलिन. शेवटी खेळणाऱ्याने निवडायचं: धीर द्या, मिठी मारा, की आपलं दुःख सांगा.

हिल्काबाई पुन्हा आल्या. मिनिटभरात त्यांनी पट्टा सोडून टेबलावर ठेवला.

"याला कुणी पाजली का?"

"त्याचं दुःख भिडलं नाही तुम्हाला?" इल्पोचा चेहरा पडला.

"बाबा रे, चाळीस वर्षं बस चालवली मी. असे लोक शेवटच्या थांब्यापर्यंत उतरत नाहीत."

गेम वसंतात बाजारात आला. दहातल्या नऊ जणांनी ते भाषण बटण दाबून उडवलं. इल्पोने बैठक घेऊन निदान केलं: भाषण तोकडं पडलं. स्पर्धेच्या परीक्षकांना मात्र ते भावलं. भावनिक खोलीसाठी बक्षीस मिळालं. ते घेताना इल्पो "आभार" म्हणाला आणि घामाघूम होऊन मंचावरून खाली उतरला.

मी जुनी, मुकाट नावाड्याची आवृत्ती घेऊन हिल्काबाईंच्या घरी गेले. त्यांच्या कॉम्प्युटरवर ती चालेचना. त्यांनी कॉफी टाकली, वेलचीचा गोड पाव कापला. खिडकीतून तळ्यावरचा फुटलेला बर्फ दिसत होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी वाक्यं जुळवत होते. पहिला कप संपेपर्यंत ती खटपटही सुटली. तासाभरात त्या एवढंच म्हणाल्या, "घे ना अजून."

आता दर गुरुवारी जाते.

इल्पोला हे कळलं तेव्हा तो वही घेऊनच आला. "काही सूचना केली का त्यांनी?"

"साखर कमी घाल म्हणाल्या."

त्याने ते लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.