पायलीपेक्षा मोठं

सन एकतीसच्या पावसाळ्यात माझी बायको कमळा तापाने गेली. आमची जनी तेव्हा चार वर्षांची. मयत उचलताना पोरीने बघू नये म्हणून शेजारच्या हौसाने तिला परसात नेलं आणि सांगितलं, आई पाण्याला गेलीय, येईल. पुढे ते खोडून काढायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

आंबा संपला होता, पावस गावच्या बागांतून काम नव्हतं. मी घरीच असे. पोर रडे, म्हणून तिच्यापुढे भात मोजायची मापं ठेवली. चिपटं, शेर, अधोली, पायली. लहानापासून मोठ्यापर्यंत मांड, म्हटलं. आधी ती आवडेल ते पुढे ठेवी. मग मी दाखवलं, जे दुसऱ्याच्या पोटात मावतं ते लहान. ते तिला पटलं. चारही मापं पालथी घालून भिंतीला लावायची आणि त्यांवरून दोन बोटं चढवत न्यायची, असा आमचा खेळ झाला.

"पायलीपेक्षा मोठं काय?" तिने एकदा विचारलं.

"आपल्या घरात काही नाही."

"आहे," म्हणाली, आणि परसाकडे बघितलं.

त्यानंतर मापं जागेवर मिळेनात. चिपटं परसातल्या विहिरीपाशी सापडलं. विसरली असेल म्हणून उचलून आणलं. मग शेर, तोही तिथेच, चिखलाने भरलेला. मी रागावलो. तिने ऐकून घेतलं.

एका दुपारी चुलीवर भात ठेवून परसात आलो. विहिरीच्या कठड्याला चारही मापं पालथी लावलेली होती. ओळ बिनचूक. जनी पायलीवर उभी राहून खाली वाकली होती. विहीर काठोकाठ भरलेली. मी धावत जाऊन तिला उचललं.

"आई वर येत नाही," ती म्हणाली. "म्हणून बघते."

तिला ओटीवर आणून बसवलं आणि राहिलेलं सांगितलं. "आई पाण्याला गेली नाही, बाय. आई तापाने मेली. विहिरीत कुणी नाही."

ती रडली नाही.

"मग खालून माझ्याकडे बघतं ते कोण?"

मी परत विहिरीवर गेलो. कठड्याच्या चिऱ्यांवर शेवाळ होतं. त्यात दोन लहान पायांचे तळवे उठले होते. त्यांच्यापुढे, पाण्याच्या बाजूला, गुडघा घसरल्याची खूण होती. ती आजची नव्हती. कडा सुकल्या होत्या.

विहिरीवर मी फळ्या ठोकल्या. आता पाणी हौसाच्या विहिरीवरून आणतो. घागर उचलली की जनी हातातलं माप खाली ठेवते, दारात येते आणि मी परत येईपर्यंत तिथून हलत नाही.